आजोबांच्या पेटीचे रसग्रहण

तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहीत आलो आहे. पण त्यामुळे कुणाचं काही भलं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्या कवींची मी तारीफ केली त्यांनी लगेच पुढचा संग्रह काढला. ज्यांची केली नाही त्यांनीही काढला. फरक एवढाच, की दुसऱ्या गटातल्या कवींनी तो मला न देता माझ्या देखत शेजारच्या डेप्युटी इंजिनियरना सप्रेम भेट दिला. परीक्षण वाचून एखादं पुस्तक विकत घेतलं, किंवा घ्यायचं टाळलं, असं सांगणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. तेव्हा गेल्या वर्षी दिवाळी सरता-सरता चकलांब्याहून आमच्या दाजींचा फोन आला आणि "सर, तुमच्या समीक्षेची गरज पडली" असं ते म्हणाले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

पहिली भीती वाटली ती ही, की दाजींनी कविता लिहिल्या. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाच्या मनात काय-काय साचलं असेल, सांगता येत नाही.

"कविता कशाच्या घेऊन बसलात!" दाजी म्हणाले. "जाहिरात आहे. पण लिहिली अशी, की अकरा हजार चारशेला फसलो बघा. आता कंपनीकडं तक्रार करायची, तर काय लिहावं ते सुचंना. तुम्ही मजकुराची चिरफाड करता म्हणून तुम्हाला धाडतो. आणि तुमच्या अक्काला यातलं काही बोलू नका."

चकलांबा हे गेवराई तालुक्यातलं, शेवगावच्या अंगाला असलेलं गाव. तिथल्या दुकानात बसून दाजींना नाण्यांचा नाद लागला तो गल्ल्यामुळेच. ३० जून २०११ नंतर चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा गावाने आपापल्या डब्यातली चिल्लर दाजींसमोर ओतली आणि दाजींनी ती मोडीत न घालता वहीत चिकटवली. वहीचा अल्बम झाला, एका अल्बमचे सहा झाले. मी अनेकदा पाहिलं आहे, संग्राहक भरलेल्या खणाकडे कधी बघत नाही, तो रिकाम्या खणाकडे बघतो. दाजींच्या अल्बमात सहाव्या जॉर्जच्या रुपयांची रांग आहे. पहिल्या खणात १९३८ चा रुपया. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. मग १९४० पासून १९४५ पर्यंतचे. लढाई सुरू झाल्यामुळे सरकारने त्यातली चांदी निम्म्यावर आणलेली. मधला खण १९३९ चा. त्या सालचा रुपया फार दुर्मीळ. त्या रिकाम्या खणात दाजींनी आठ वर्षांपूर्वी एक चिठ्ठी घालून ठेवली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'येणार.'

ही चिठ्ठी देशभरातल्या प्रत्येक संग्राहकाच्या अल्बमात कुठे ना कुठे असते, हे ऑनलाइन लिलाव करणाऱ्या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. त्यांचं सगळं साहित्य त्या चिठ्ठीला उद्देशून लिहिलेलं असतं.

साहित्य हा शब्द मी जपून वापरतो आहे. दाजींनी पाठवलेला मजकूर मी आधी चष्मा लावून, मग चष्मा पुसून वाचला, आणि माझ्या ध्यानात आलं, की मराठीत हा एक नवा वाङ्मयप्रकार जन्माला आलेला असून आम्हा समीक्षकांना त्याचा पत्ताच नाही. कादंबरीचे वाचक कमी झाले म्हणून आम्ही परिसंवाद भरवतो. इकडे हा लेखक दहा ओळी लिहितो आणि त्याला एका वाचकाकडून अकरा हजार चारशे रुपये मिळतात!

आता मजकुराकडे वळू. शीर्षकात 'रेअर' हा शब्द तीनदा. तिसऱ्यांदा तो एकटा आला नाही, 'एक्स्ट्रीमली'ला हाताशी धरून आला. इथेच वाचकाने थबकायला हवं होतं. खानावळीत पुरणपोळी असली, तर फळ्यावर 'आज पुरणपोळी' एवढंच लिहितात. अवीट, अविस्मरणीय, घरगुती चवीची, ही विशेषणं लागतात ती कालच्या मटकीला. '१९३९ चा रुपया' इतक्या शब्दांत जाणता संग्राहक ताठ बसतो. त्यापुढे ज्याला विशेषणं लावावीशी वाटतात त्याचा स्वतःच्या नाण्यावर विश्वास नसला पाहिजे.

मग येतो निवेदक. 'मला नाण्यांतलं काही कळत नाही, हे आजोबांच्या पेटीत सापडलं,' अशी त्याची सुरुवात. ही शैलीची कमाल आहे. विकणारा अडाणी आहे असं एकदा ठरलं, की विकत घेणारा आपोआप शहाणा होतो, आणि आपण या बापड्याला फसवून घबाड मिळवणार आहोत या कल्पनेने त्याचं हृदय धडधडू लागतं. दाजींनी मला नंतर कबूल केलं, की त्यांना रात्रभर त्या विक्रेत्याची दया येत होती. परंतु निवेदन शेवटपर्यंत टिकत नाही. हाच अडाणी नातू तिसऱ्या ओळीत 'मुंबई टांकसाळ' म्हणतो, चौथीत 'एक्स.एफ. ग्रेड' म्हणतो आणि पाचवीत काठाच्या रेघांबद्दल बोलतो. ज्याला नाण्यांतलं काही कळत नाही त्याला एक्स.एफ. कसं कळलं? पात्राच्या तोंडी लेखकाची भाषा येते ती ही अशी. नवशिक्या कथाकारांना मी हेच सांगत आलो.

पात्रचित्रणात आजोबांवर जास्त मेहनत घेतलेली नाही, पण मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटलं. म्हणून मी त्या विक्रेत्याचं समग्र वाङ्मय उघडलं, म्हणजे त्याने याआधी विकलेल्या वस्तूंची यादी. (हे ज्याला-त्याला करता येतं, फुकट असतं, आणि बोली लावण्याआधी कुणीही करत नाही.) तर आजोबांच्या त्या एकाच पेटीतून चार महिन्यांत शिवराया निघाल्या, मोगल मोहरा निघाल्या, आणि १९३९ चे रुपये निघाले ते एकूण सात. आजोबा टांकसाळीतच नोकरीला असावेत आणि रोज डब्यातून घरी काही ना काही आणत असावेत.

चित्रांबद्दल थोडं बोललं पाहिजे. नाण्याच्या पुढच्या बाजूचा फोटो फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर काढलेला, मागच्या बाजूचा काळ्या कापडावर. पुढच्या बाजूला राजाच्या गळ्याखाली काठाला खोच पडलेली. मागच्या बाजूचा काठ सगळीकडून शाबूत. नाण्याच्या एका बाजूने काठ तुटला आणि दुसऱ्या बाजूने तो तुटलाच नाही, असा चमत्कार फक्त दोन वेगळ्या नाण्यांच्या बाबतीत होतो. आणि सालाचे आकडे? एक, नऊ, तीन, हे तीन अंक लख्ख. चौथ्या अंकावर छायाचित्रकाराचा हात थरथरला आहे. कुठे थरथरावं याची त्या हाताला जाण आहे. १९३८ च्या आठाचं पोट कोरून त्याचा नऊ करण्याची विद्या जुनी आहे. त्यामुळे १९३९ च्या रुपयाचा नऊ भिंगातून बघायचा असतो, आणि तोच इथे धुक्यात.

शेवट मात्र वास्तववादी आहे. 'फोटोत दिसतं तसं मिळेल. परत घेतलं जाणार नाही. खात्री करूनच बोली लावावी.' संपूर्ण मजकुरात हे शेवटचं वाक्य तेवढं खरं आणि हिताचं. पण खात्री करावी कशी?

आपल्या भाषेने नाण्यावर कधीच डोळे झाकून विश्वास ठेवलेला नाही. माणूस खरा असेल तर आपण त्याला खणखणीत नाणं म्हणतो, कारण दगडावर टाकलेली चांदी खणखणते. सौदा वाजवून घेतो. बदनामी झाली की नावाला बट्टा लागतो, आणि हा बट्टा म्हणजे पूर्वी परक्या किंवा झिजल्या नाण्यावर सराफ कापून घेत तो. पेशवाईत चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, प्रत्येकाचा भाव निराळा. म्हणून गावोगाव पोतदार असत, नाणं हातात घेऊन खरं की खोटं ते सांगणं हेच त्यांचं काम. आज पोतदार आडनावाची मंडळी बँकेत, शाळेत, सगळीकडे भेटतात. नाणं पारखणारा पोतदार तेवढा भेटत नाही. आमच्या मराठवाड्यात तर निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, असे दोन रुपये शेजारी-शेजारी नांदत होते. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. हाली रुपया कायद्याने बाद झाला तो १९५९ साली. दाजींच्या आईला म्हणे कुणी 'दोन रुपये द्या' म्हटलं, की ती आधी विचारायची, "हाली का कलदार?" एवढा प्रश्न विचारायची अक्कल जिला होती तिच्या मुलाला एका फोटोने गंडवलं.

कारण फोटो वाजत नाही. तळहातावर तोलता येत नाही, काठावरून नख फिरवता येत नाही. हजार वर्षांत आपण नाणं ओळखायला हात, कान आणि डोळा वापरला. लिलाववाल्यांनी पहिले दोन काढून घेतले, आणि डोळ्याला वाचायला विशेषणं दिली. म्हणून म्हणतो, इथे नाणेतज्ज्ञ हवा तसा टीकाकारही हवा.

बोलीची कथा दाजींनी फोनवर सांगितली. सुरुवात एका रुपयापासून. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रात्री दुकान बंद करून, अक्का झोपल्यावर दाजी मोबाइल घेऊन ओट्यावर बसले तेव्हा आणखी दोघं आले. नावाच्या जागी चांदण्या. दाजींनी पाच हजार म्हटलं की चांदणीने साडेपाच म्हणायचं, दाजींनी सात म्हटलं की दुसऱ्या चांदणीने आठ. नंतर मी तपासलं, तर या दोन चांदण्या दुसऱ्या कुणाच्या आभाळात उगवतच नव्हत्या. ज्या-त्या लिलावात याच विक्रेत्याचा माल, आणि दर खेपेला शेवटच्या घटकेला हरणार. गावच्या जत्रेतल्या लिलावात असा मावसभाऊ उभा असला तर निदान त्याचा चेहरा दिसतो. अखेरीस अकरा हजार चारशेवर घंटा वाजली आणि पडद्यावर फुलबाज्या उडून अक्षरं आली, 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात!' सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याला जिंकला म्हणणारं हे जगातलं एकमेव दुकान.

पार्सल दसऱ्याच्या आधी आलं. दाजींच्या नातवाने ते उघडताना व्हिडिओ काढला. आजोबांच्या आयुष्यातला हा मोठा क्षण आहे एवढंच त्याला माहीत होतं. दाजींनी रुपया काउंटरच्या शहाबादी फरशीवर टाकला. 'खण' व्हायला हवं होतं तिथे 'थप' झालं. आपल्या कानाचाच दोष असेल म्हणून त्यांनी पुन्हा टाकला. मग नातवाने फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं, आणि एक्स्ट्रीमली रेअर रुपया काउंटरवरून उडी मारून त्याला जाऊन चिकटला. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही हे त्या पोराला पाचवीत शिकवलेलं आहे. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, म्हणून तर आपण 'रुपयाभार' म्हणायचो. हा भरला सव्वानऊ.

"चारशेवीस आहे हो माणूस!" दाजी फोनवर कळवळून म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, की १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली असून फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. पण 'तीनशे अठरा आहे हो माणूस' यात काही जोर येत नाही, हे मलाही पटलं.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: 'वर्णन पूर्ण वाचा.' मी पूर्ण वाचलं. 'आणखी पाहा' असं लिहिलेल्या जागी बोट दाबलं, की टपालखर्च, पिनकोड वगैरेच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन शब्द होते: 'कलेक्शन कॉपी'. अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला, की नकली नाणं विकायचं तर 'कॉपी' हा शब्द त्या नाण्यावरच ठसलेला पाहिजे; २०१४ साली तो आणखी कडक केला आणि विकायला हातभार लावणाऱ्यालाही त्यात ओढलं. आमच्या लेखकाने हा शब्द नाण्यावर न ठसवता तळटीपेत ठेवला. तळटीप कुणी वाचत नाही हे त्याला माहीत. मला तर हे प्रबंध लिहिल्यापासून माहीत आहे. नकलेबद्दल माझा राग नाही. जोगळटेंभीला, नाशिकजवळ, १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या ठशावर आपला ठसा मारलेला आहे. पण खालचा नहपान आजही डोकावतो. राजाने दुसऱ्याच्या नाण्यावर स्वतःचं नाव घातलं ते उघड्यावर, जगाने बघावं म्हणून. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत नव्हे.

तर ही सगळी चिरफाड मी साडेतीन पानांत लिहून काढली. निवेदकाचं अज्ञान आणि त्याची ग्रेड, सात रुपये काढणारी पेटी, खोच पडलेला आणि न पडलेला काठ, दोन चांदण्या, तळटीप. सोबत नातवाचा व्हिडिओ आणि सराफाच्या काट्यावरच्या वजनाचा फोटो. ई-वाणिज्याचे २०२० चे नियम आहेत, त्यांत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पोच आली. सत्तावीसाव्या दिवशी दाजींच्या खात्यात अकरा हजार चारशे जमा झाले. माझ्या परीक्षणाने कुणाच्या पदरात रोख काही पडल्याचा हा पहिलाच प्रसंग. तो तक्रार अधिकारी माझ्या आयुष्यातला पहिला वाचक असावा ज्याने साडेतीनही पानं वाचली. त्याला ती वाचण्याचा पगार मिळतो ही गोष्ट मी मनाआड करतो.

लेखकावर मात्र परीक्षणाचा परिणाम झाला नाही. आठवड्याभरात दुसऱ्या नावाने तोच टेबलक्लॉथ, तीच खोच, तोच थरथरलेला नऊ. आता पेटी आजीची होती.

ही बातमी गेवराईपासून शेवगावपर्यंतच्या नाणेवाल्यांत पसरली आणि माझ्याकडे परीक्षणार्थ मजकूर येऊ लागले. त्यातले काही नमुने संग्राह्य आहेत. 'सन १३३७, तुघलककालीन, चारमिनार छाप.' वाचून मी बराच वेळ स्तब्ध होतो. तुघलकाशी आम्हा बीडकरांचा जिव्हाळा जुना. त्याचा पडलेला दात इकडेच बीडजवळ पुरून त्यावर थडगं बांधलं असं सांगतात. त्याने तांब्यापितळेच्या नाण्याला चांदीचा भाव द्यायचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी घरोघरी टांकसाळी घातल्या. हाही इतिहास आहे. पण चारमिनार बांधला १५९१ साली. म्हणजे हे नाणं इमारतीच्या अडीचशे वर्षं आधी तिचं चित्र घेऊन आलं! तो १३३७ हिजरी सनातला. आपल्या हिशेबाने १९१८-१९. नाणं खरं होतं, अस्सल निजामी हाली. खोटी होती ती पाचशे ऐंशी वर्षं, आणि किंमत त्या वर्षांची लावलेली होती. अशाच दुसऱ्या एका हाली रुपयाला '१७९२' म्हटलेलं. त्यावरचा ९२ हा आकडा मुळी साल नाही, महंमद या नावातल्या अक्षरांची अरबी रीतीने केलेली बेरीज आहे. बडोद्याच्या सयाजीरावांच्या तांब्याच्या पैशावर १९४९ दिसतं ते विक्रम संवत, म्हणजे १८९२. एका विक्रेत्याने त्याला 'संस्थान विलीन झालं त्या वर्षीचं शेवटचं नाणं' म्हणून काढलं होतं. बडोदा विलीन झालं ते खरंच १९४९ साली, हे आणखी वाईट! इतकं जुळून आलेलं खोटं फार क्वचित वाचायला मिळतं.

आणि तो रामदरबार! एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १६१६'. त्या साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीरच्या दरबारात कंपनीच्या सवलतींसाठी ताटकळत होता. त्याच वेळी कंपनी इथे रामरायाची नाणी पाडत होती, असं आपण मानायचं. या नाण्याखाली हमखास एक ओळ असते: 'तांदूळ खेचतं.' तांदळात लोखंडाचा कीस मिसळला, की तो कुठल्याही चुंबकाकडे जातो. तरी वीज पडून नाण्यात दिव्य शक्ती आली, नासावाले कोटी देतात, या कथेवर माणसं जमिनी गहाण टाकतात. यावर विनोद करायला माझं मन धजत नाही.

'शेतात नांगरताना सापडलं' हीही एक लाडकी सुरुवात. मातीचा वास आहे, ग्रामीण बाज आहे. पण १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. त्यामुळे ही सुरुवात खरी असेल तर तो कबुलीजबाब आहे. तसंच 'दोनशे वर्षं जुनं, जगात कुठेही पाठवू.' शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार खाजगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणजे एक तर ते दोनशे वर्षांचं नाही, किंवा हा गृहस्थ घेण्यासारखा नाही.

दाजींच्या दुकानातल्या पोऱ्याची गोष्ट उलट दिशेची. त्याला कुणीतरी दाखवलं, की ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखाला जाते. त्याच्याकडे तशा चार होत्या, कारण तशा सगळ्यांकडेच आहेत. विकायची म्हणून नोंदणी फी भरली, मग फाइल खर्च, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचा शिक्का असलेला कागद आला आणि कर मागितला. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि असली फी घेत नाही. पोराचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. घरखर्चाला ठेवून गेलेल्या पैशातले अडीच हजार गेले. दाजींनी सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ करावा लागला नाही, त्या सालचा पाव आणा त्यांच्या अल्बमात आहे. पण पैसे जाऊन आठ दिवस झाले होते. ते अजून आलेले नाहीत.

डिसेंबरात मी चकलांब्याला गेलो. पैसे परत आले, विषय मिटला, अशी माझी समजूत होती. अक्काने चहा ठेवला आणि दाजी दुकानात आहेत असं बघून म्हणाली, "अकरा हजार चारशेचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते जाऊ दे. यंदा त्यांनी लक्ष्मीपूजनाला पाटावर सासूबाईंचा रुपया मांडलाच नाही."

तो हाली रुपया मी लग्नापासून पाहिलेला. दाजींच्या आईला तिच्या आईने दिलेला, देवघरातल्या डबीत हळदीने पिवळा झालेला, वर्षातून एकदा बाहेर येणारा.

"का हो दाजी?" मी रात्री विचारलं.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, तो चुंबकाचा रुपया मी अर्धा तास हातात धरून बसलो होतो. मला तो खरा वाटला होता. नाणी बघून-बघून डोळे गेले, तरी खरा वाटला. मग आईचा तरी खरा कशावरून? कुणी तपासलाय तो?"

"तपासून घ्या की."

"आणि खोटा निघाला तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने गेवराईला गेलो. दाजींनी डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि दर थांब्यावर तिच्यावर हात ठेवून बघत होते. सराफाच्या पेढीवर गर्दी होती, लग्नसराई. आम्ही बसून राहिलो. आमची पाळी आली तेव्हा दाजींनी डबी उघडून माझ्याकडे सरकवली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

म्हाताऱ्या सराफाने रुपयावरची हळद अंगठ्याने पुसली. चारमिनार बघितला, मधल्या कमानीतलं अक्षर बघितलं, काठावरून नख फिरवलं. काट्यावर ठेवला. ११.०९. नवा असताना हा रुपया ११.१८ च्या आसपास असतो. उरलेला तीन पिढ्यांच्या बोटांना गेला. मग त्याने तो बोटाच्या टोकावर तोलला आणि दुसऱ्या रुपयाने त्याच्या काठाला हलकेच टिचकी मारली.

दाजी रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवा."